घाट उतरण्याचे शास्त्र

वर्गात एक साधा प्रश्न विचारून पाहा. भरलेली गाडी घाट चढवणे अवघड की उतरवणे? बहुतेक मुले 'चढवणे' असे उत्तर देतील, आणि त्यांचे काही चुकले असेही म्हणता येणार नाही. चढावर इंजिनाचा आवाज बदलतो, धूर निघतो, बैलांच्या तोंडाला फेस येतो. कष्ट दिसतात. उतारावर मात्र गाडी आपोआप चालते. पण हाच प्रश्न एखाद्या जुन्या ट्रक ड्रायव्हरला विचारा. तो दुसरे उत्तर देईल. चढावर गाडी फार तर बंद पडते. उतारावर ती हातातून जाते.

आणि गाडीच्या मागे दुसरी गाडी जोडलेली असेल तर? या प्रश्नाला निदान दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्या सह्याद्रीत घडला आहे. तो आज आठवण्याचे कारण मात्र श्रीगोंद्यासारख्या सपाट तालुक्यात सापडते.

घोड आणि भीमा या नद्यांच्या बाजूचा हा मुलूख. घोड आणि कुकडीच्या कालव्यांचे पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने आले. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर दिसू लागतात. पण ऊस येण्याआधी याच ट्रॉल्यांमधून माणसे येतात. पाथर्डी आणि बीडकडच्या ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या बिऱ्हाडासह निघतात. भांडीकुंडी, धान्याची पोती, कोपीचे सामान, शेळ्या, कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेली बायकामुले. हंगाम संपला, कारखान्याचा पट्टा पडला की तसाच परतीचा प्रवास. पाथर्डीहून नगरकडे यायचे तर वाटेत करंजीचा घाट लागतो. परदेशात सहलीसाठी गाडीमागे जोडून न्यायच्या फिरत्या घराला 'कॅराव्हॅन' किंवा 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणतात. आपल्याकडचे गाडीमागे जोडलेले फिरते घर म्हणजे ही ट्रॉली. त्यात सहलीची हौस नाही, पोटापाण्याची गरज आहे. पण भौतिकशास्त्राचे नियम दोघांनाही सारखेच लागू आहेत.

चढ : ताकदीचा हिशेब

चढावर ओझे ओढण्याचा प्रश्न माणसाने फार पूर्वी सोडवला. ताकद कमी पडली की ताकद वाढवायची, एवढेच त्याचे सूत्र. अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) १५४९ साली निजामशाहीत 'मलिक-ए-मैदान' ही तोफ ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यात गेली, आणि तिथून विजापूरला. आजही ती विजापूरच्या बुरुजावर आहे. तिला ओढायला शेकडो बैल आणि जोडीला हत्ती लागले असे सांगतात. आकडे काहीही असोत, पद्धत उघड आहे. एक जोडी पुरत नसेल तर दहा जोड्या जुंपा.

उतारावर हे सूत्र निकामी होते. तिथे ओढायचे नसून अडवायचे असते, आणि पुढे जुंपलेला बैल मागून येणारे ओझे कसे अडवणार?

म्हणूनच कदाचित सह्याद्रीच्या घाटवाटांवर शतकानुशतके चाकाची गाडी फारशी आलीच नाही. देशावरचा माल कोकणात उतरायचा तो बैलांच्या पाठीवरून. वंजारी-लमाणांचे तांडे हजारो बैलांवर धान्य आणि मीठ वाहून नेत. पाठीवरच्या ओझ्याचा एक मोठा गुण असा की ते बैलाला मागून ढकलत नाही. बैलाचे चार पायच त्याचे ब्रेक असतात, आणि प्रत्येक बैल स्वतःपुरता थांबू शकतो. माल जास्त असेल तर बैल जास्त, आणि तितकेच ब्रेकही जास्त.

बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता १८३० साली, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, खुला झाला. एका बैलाच्या पाठीवर मावणार नाही इतके ओझे आता एक जोडी गाडीतून ओढू लागली. पण चाक आले आणि उताराचा प्रश्नही त्याच्याबरोबर आला. चाकाचे कामच मुळी घर्षण कमी करणे हे आहे. चढावर हा उपकार, उतारावर हाच अपकार.

गाडीवानाला ठाऊक असलेले भौतिकशास्त्र

बैलगाडी उतारावर लागली की मागचे ओझे जुवातून बैलांच्या मानेवर ढकलू लागते. बैल मागे रेटा देऊन गाडी धरून ठेवतात. पण त्यांची ताकद मर्यादित, खुरांची पकडही मर्यादित. मग गाडीवान खाली उतरतो, चाकाच्या धावेवर लाकडी दांडा दाबतो, थांबायचे झाल्यास चाकामागे दगड लावतो. कुठे गाडीच्या मागे जड ओंडका बांधून तो फरफटत नेण्याची रीत होती. युरोपातल्या घोडागाड्यांना उतारावर चाकाखाली साखळीने लोखंडी 'बूट' अडकवत. चाक फिरायचे थांबून बुटावर घसरत जाई. या सगळ्या उपायांत एक गोष्ट समान आहे. अडवण्याचे काम ओढणाऱ्या जनावरावर न सोडता ते ओढल्या जाणाऱ्या गाडीकडेच दिलेले आहे. आपल्या पुढच्या सर्व गोष्टीचे बीज इथे आहे.

गाडीवानाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. गाडी भरताना माल मागे जास्त झाला की गाडी 'उलाळ' होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेवरची पकड सुटते. माल फार पुढे आला की सगळा भार मानेवर येऊन बैल दबतात. म्हणून माल असा भरायचा की थोडासा भार जुवावर राहील. दोन चाकांच्या कोणत्याही ट्रेलरला हा नियम लागू आहे, हे आपण पुढे पाहणार आहोत.

बोरघाटातला धडा

बोरघाटात रेल्वे नेण्याचे काम १८५६ साली सुरू झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने आखलेला हा मार्ग सुमारे २५ किलोमीटरमध्ये ५५८ मीटर चढतो. सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. काम ऐन भरात असताना ४० हजारांवर मजूर तिथे राबत होते. त्यांतले कित्येक पटकीने आणि अपघातांनी गेले. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराचा १८५९ मध्ये येथे आल्यावर थोड्याच दिवसांत मृत्यू झाला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. १८६३ साली घाट वाहतुकीला खुला झाला. याच घाटात इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा सांगतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या त्याच्या देवळापाशी ड्रायव्हर अजूनही नाणे टाकतात.

३७ ला १ हा चढ रस्त्याच्या मानाने किरकोळ वाटेल. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक म्हणजे फारच कमी घर्षण. समजा २०० टनांची गाडी या उतारावर आहे. उताराच्या दिशेने तिला खेचणारे बल २०० भागिले ३७, म्हणजे जवळजवळ साडेपाच टन वजनाइतके. ते एक क्षणही थांबत नाही. घाटाच्या माथ्यावरून पायथ्याशी येईपर्यंत गाडीची स्थितिज ऊर्जा वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराइतकी कमी होते:

२,००,००० × ९.८ × ५५८ = सुमारे १०९ कोटी ज्यूल.

ही ऊर्जा जाणार कुठे? गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर ती सगळी उष्णतेत बदलायला हवी. एवढ्या उष्णतेने २० अंश सेल्सिअसचे सव्वातीन हजार लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे घाट उतरणारी प्रत्येक गाडी आपल्या ब्रेकवर लहानशा टँकरभर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता तयार करत असते.

त्या काळी गाडीचे ब्रेक कसे होते? इंजिनाला किंवा त्याच्या टेंडरला ब्रेक, आणि गार्डच्या डब्याला हाताने फिरवायचा ब्रेक. ड्रायव्हरने शिट्टी द्यायची, गार्डने चाक फिरवून ब्रेक आवळायचा. मधल्या डब्यांना ड्रायव्हरच्या हातातला ब्रेकच नव्हता. घाटाच्या मध्ये एक 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते. डोंगराने वाट अडवल्यामुळे गाडी तिथे थांबवून उलट्या दिशेने न्यावी लागे. २६ जानेवारी १८६९ रोजी घाट उतरणारी एक गाडी आटोक्याबाहेर गेली. तिला या स्टेशनात थांबता आले नाही, आणि मोठा अपघात होऊन प्रवासी दगावले. १९२९ च्या सुमारास, विजेची इंजिने आली त्या काळात, नवा मार्ग काढून हे स्टेशन बंद करण्यात आले.

घाटातील दोन व्यवस्था विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारख्या आहेत.

पहिली म्हणजे 'बँकर', गाडीच्या मागे जोडलेली जादा इंजिने. चढावर सगळी ताकद पुढे लावली तर पहिल्या डब्याच्या जोडणीवर, म्हणजे कपलिंगवर, संपूर्ण गाडीचा ताण येतो. कपलिंग तुटले तर मागचे डबे दरीकडे निघणार. मागून इंजिन लावले की ताण वाटला जातो, आणि काही तुटलेच तर मागे आधार असतो.

दुसरी 'कॅच सायडिंग'. घाटात ठरावीक ठिकाणी मुख्य मार्गाला एक आंधळा फाटा काढलेला असतो आणि तो चढत जातो. मंकी हिल, ठाकुरवाडी, जांबरुंग ही नावे घाटातून प्रवास करणाऱ्यांना परिचित असतील. गंमत अशी की सांधा नेहमी या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी ठरल्या जागी थांबून दाखवायचे, मग मुख्य मार्गाचा सांधा लागणार. जी थांबू शकली नाही ती आपोआप फाट्यावर जाऊन चढावर अडकेल. गाडी आटोक्यात आहे असे गृहीत न धरता तिने ते प्रत्येक वेळी सिद्ध करावे, हा या व्यवस्थेचा अर्थ. सुरक्षिततेच्या शास्त्रात याहून नेमका विचार क्वचितच सापडेल.

आर्मा, १८८९

हा धडा जगाला पूर्णपणे शिकायला आणखी काही वर्षे आणि बरेच जीव लागले. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ साली दाबाखालच्या हवेवर चालणारा ब्रेक काढला. इंजिनातून नळीने हवा सोडायची, ती प्रत्येक डब्याचा ब्रेक आवळेल. आता सगळ्या डब्यांना ब्रेक मिळाला. पण त्यात एक उणीव राहिली. नळी तुटली, डबे सुटले, तर हवा निघून जाई आणि ब्रेकच नाहीसा होई. म्हणजे नेमकी ज्या क्षणी गरज त्याच क्षणी ब्रेक गायब. काही वर्षांतच वेस्टिंगहाउसने सगळी योजना उलटी केली. नळीत नेहमी दाब ठेवायचा आणि त्या दाबाने ब्रेक सुटलेला राहील अशी रचना करायची. दाब कमी झाला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक आवळणार. मग दाब ड्रायव्हरने मुद्दाम कमी केलेला असो की नळी तुटून कमी झालेला असो.

तरी अनेक कंपन्यांनी साधे, स्वस्त ब्रेकच चालू ठेवले. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा येथून रविवारच्या धर्मशाळेतील मुलांची सहल समुद्राकडे निघाली. गाडीत साडेनऊशेच्या आसपास माणसे होती. चढावर, माथा जवळ आलेला असताना, इंजिन दमले. गाडीचे दोन तुकडे करून आधी पुढचा भाग वर न्यायचा असे ठरले. गाडीला निर्वात ब्रेक होता, पण साध्या प्रकारचा. जोडणी सोडताच मागच्या दहा डब्यांचा ब्रेक गेला. उरला तो गार्डचा हातब्रेक आणि चाकांमागे लावलेले दगड. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला, मागच्या डब्यांना धक्का बसला, दगड चिरडले गेले. ते डबे उतारावरून मागे धावत सुटले आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे गेली. त्यांत मुले पुष्कळ होती.

त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना सर्व डब्यांवर चालणारा आणि जोडणी तुटल्यास आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. भारतीय रेल्वेनेही पुढे आपोआप लागणारा निर्वात ब्रेक आणि नंतर हवेचा ब्रेक वापरला. या सगळ्या इतिहासाचे सार दोन वाक्यांत सांगता येते. ओढल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला स्वतःचा ब्रेक हवा. आणि जोडणी तुटली तर तो आपोआप लागला पाहिजे.

गाडीमागचे घर

आता रेल्वेकडून रस्त्याकडे येऊ. हौसेसाठी बांधलेल्या पहिल्या कॅराव्हॅनचा मान बहुधा 'वाँडरर' या गाडीला दिला जातो. इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरातील वॅगन कारखान्याने ती १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल शल्यवैद्यासाठी बांधली. ती दोन घोडे ओढत. पुढे मोटारी आल्या आणि गाडीमागे घर जोडून डोंगरात जाणे युरोप-अमेरिकेत सर्रास झाले. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हा हा विषय आपल्याकडेही अगदीच परका राहिलेला नाही.

मोटारीमागच्या घराने रेल्वेचेच धडे नव्याने गिरवले. युरोपातल्या बहुतेक कॅराव्हॅनला 'ओव्हररन' ब्रेक असतो. पुढची मोटार हळू झाली की मागचे घर तिला ढकलते; त्या ढकलण्यानेच जोडणीतला दांडा आत सरकतो आणि घराचे ब्रेक लागतात. जितका रेटा जास्त तितका ब्रेक जास्त. कल्पना सुंदर आहे. मात्र लांब घाटात घर सतत ढकलत राहते, ब्रेक सतत लागलेले राहतात आणि तापतात. शिवाय घरापासून मोटारीपर्यंत एक बारीक तारदोर असतो. जोडणी निसटली तर तो ताणला जाऊन घराचा हातब्रेक ओढतो आणि मग तुटतो. वेस्टिंगहाउसचेच हे तत्त्व, वीतभर तारेत बसवलेले.

गाडीवानाचा 'उलाळ'चा नियमही इथे परत भेटतो. ट्रेलरच्या वजनाचा काही भाग जोडणीवर खाली दाबत राहिला पाहिजे. अमेरिकेत तो साधारण दहाव्या हिश्शाहून थोडा अधिक ठेवतात. माल मागे भरला की जोडणी वर उचलली जाते, मोटारीच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. उतारावर वेग वाढला की झोके मोठे होत जातात. अशा वेळी वेग वाढवून गाडी सरळ करू पाहणे घातक ठरते. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग शक्य तितके स्थिर धरायचे आणि वेग हळूहळू उतरू द्यायचा. मोटारीचा ब्रेक जोरात दाबला तर मागचे घर पुढच्या मोटारीवर चाल करून येते आणि अडकित्ता मिटावा तशी दोन्ही वाहने दुमडतात.

हे वर्गात दाखवता येते. दोन खेळण्यातल्या गाड्या तारेच्या आकड्याने जोडा. मागच्या गाडीत वजन ठेवा. तिरप्या फळीवर पुढची गाडी बोटाने अडवत हळूहळू खाली आणा. जोड किंचित जरी तिरपा झाला की मागची गाडी बाजूला वळून पुढचीला दुमडते. आता पुढची मोकळी सोडा आणि मागच्या गाडीला दोरा बांधून मागून अडवत उतरवा. जोडी सरळ राहते. पुढून अडवणे अस्थिर आणि मागून अडवणे स्थिर, हे मुलांना एका मिनिटात पटते. रेल्वेत गार्डचा ब्रेकचा डबा शेवटी का ठेवत, हेही कळते.

उष्णता कुठे जाते?

राहिला उष्णतेचा प्रश्न. ब्रेकच्या ड्रममध्ये अस्तर आणि लोखंड घासले जाऊन उष्णता तयार होते. ती हवेत निघून जाण्याच्या वेगाला मर्यादा आहे. उष्णता त्याहून वेगाने तयार झाली की ड्रम तापतो, अस्तराची पकड कमी होते, ब्रेकचे तेल उकळून नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जाते पण गाडी थांबत नाही. ब्रेक 'फेल' झाले असे आपण म्हणतो. पुष्कळदा काही मोडलेले नसते, ब्रेक फक्त तापलेले असतात.

यावरचा उपाय जुनाच आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर खालचा असला की चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाचे फेरे जास्त होतात आणि इंजिनाचा अडथळा जास्त मिळतो. ऊर्जेचा मोठा हिस्सा इंजिनात खर्च होतो, आणि इंजिनाला थंड ठेवायला रेडिएटर असतोच. ब्रेक सतत दाबून ठेवण्यापेक्षा वेग वाढला की नेमका दाबून वेग उतरवावा आणि पाय काढावा. मधल्या वेळात ड्रम निवतो. रेल्वेची आजची विजेची इंजिने याच्याही पुढे जातात. उतारावर त्यांच्या मोटारी जनित्र बनतात आणि उतरणाऱ्या गाडीची ऊर्जा वीज होऊन परत तारेत जाते. डिझेल वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा ड्रायव्हर मात्र चार पैशांसाठी आपला सर्वांत भरवशाचा ब्रेक काढून टाकतो.

पुन्हा ट्रॉलीकडे

आता हे सगळे निकष आपल्या ट्रॉलीला लावून पाहू. ब्रिटनमधल्या कॅराव्हॅनवाल्यांना असा सल्ला दिला जातो की मागच्या घराचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जास्त नसावे. आपल्याकडे ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा आणि त्याच्या मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून कित्येक पट वजनाच्या. त्यांतल्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. म्हणजे ब्रेक फक्त ट्रॅक्टरला, तोही मागच्या दोन चाकांना. समजा ही सगळी गाडी २० टनांची आहे आणि ती १०० मीटर उंचीचा घाट उतरते. सुमारे दोन कोटी ज्यूल ऊर्जा, म्हणजे ५८ लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता, दोन चाकांच्या ब्रेकमधून आणि इंजिनातून बाहेर पडायला हवी. जोडणीची खीळ निसटली तर मागच्या ट्रॉलीला थांबवणारे काहीच नाही. १८८९ च्या त्या दहा डब्यांसारखीच तिची अवस्था.

ट्रॅक्टरचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. शेतात जागेवर वळण्यासाठी त्याला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक पेडल असतात. रस्त्यावर ती एकमेकांना अडकवायची असतात. अडकवायची राहिली आणि उतारावर एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर एका बाजूला वळतो, आणि मागचे ओझे त्याला दुमडते.

ट्रॉलीला ब्रेक बसवणे ही काही प्रयोगशाळेत शोधायची गोष्ट नाही. ओव्हररन ब्रेकची रचना तालुक्याच्या ठिकाणच्या चांगल्या वर्कशॉपमध्ये समजण्यासारखी आहे. पण तेवढ्यासाठी थांबायलाही नको. घाटापूर्वी थांबून ट्रॅक्टरची पेडले जोडलेली आहेत ना ते पाहणे, खिळीला तिची टाचणी आहे ना ते तपासणे, ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांमध्ये जोडीची भक्कम साखळी टाकणे, सामान मागे न लादता चाकांच्या किंचित पुढे भार येईल असे भरणे, माथ्यावरच खालचा गिअर टाकणे आणि पायथ्यापर्यंत क्लचला पाय न लावणे. यांतल्या बहुतेक गोष्टींना एक पैसाही लागत नाही. सर्वांत चांगले तर माणसांनी ट्रॉलीतून प्रवासच करू नये, वेगळ्या वाहनाने यावे. ते घडेपर्यंत निदान घाटाच्या माथ्यावर बायकामुलांना उतरवून दुसऱ्या गाडीने खाली न्यावे.

ऊसतोडणी कामगारांची मुले आपल्या वर्गात दिवाळीपर्यंत असतात आणि मग नाहीशी होतात. पट्टा पडल्यावर पुन्हा दिसतात. ती कशी गेली आणि कशी आली, हे आपण क्वचितच विचारतो. गती, घर्षण, ऊर्जा हे धडे शिकवताना पाठ्यपुस्तकातला घसरता ठोकळा बाजूला ठेवून ट्रॉलीचे उदाहरण घेतले, तर वर्गातल्या सर्वांत जास्त अनुभव असलेल्या विद्यार्थ्याला बोलण्याची संधी मिळेल. आणि त्याने घरी जाऊन बापाला 'ट्रॅक्टरची पेडले जोडली का?' एवढे विचारले, तरी त्या धड्याचे सार्थक झाले असे म्हणायला आमची हरकत नाही.